पुसून टाकलेला टोन

“मग आता यात राहिलं काय, गुरुजी?”

जयदीप कुलथेनं लॅपटॉपचा पडदा शांतवन गुरुजींकडे वळवला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

गुरुजींनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात हार्मोनियमचा एक सूर होता, पितळेची करंगळीएवढी पट्टी. तिचं टोक ते बारीक कानशीनं अगदी हलकं घासत होते. शाळेची पेटी होती, त्यातला हा एकच सूर उतरला होता.

“बस की,” ते म्हणाले.

शांतवन पारधे नगरच्या एका चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवत आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहत, पेट्या दुरुस्त करत आणि कुणी आलंच तर शिकवत. जयदीप त्यांच्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. आता तो एकतीसचा होता, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होता, आणि सहा वर्षांत या खोलीकडे फिरकला नव्हता.

ते दोघांनाही ठाऊक होतं. कुणी विषय काढला नाही.

“हे काय आणलंयस?”

“सॉफ्टवेअर, गुरुजी. मी स्वतः लिहिलंय. आठ महिने लागले.”

जयदीप बसला आणि समजावू लागला. कीबोर्डमध्ये शेकडो वाद्यांचे आवाज असतात. बासरी, सतार, व्हायोलिन, तुतारी. वादक त्यांना टोन म्हणतात. एकाच गाण्यात चार-पाच वेळा टोन बदलावा लागतो, तोही गायक दोन ओळींमध्ये श्वास घेतो तेवढ्यात. जयदीपनं कार्यक्रमातलं प्रत्येक गाणं, गाण्यातला प्रत्येक तुकडा, त्याचा टोन, तो किती मोठा, किती बारीक, सगळं क्रमानं लावून ठेवलं होतं. पायाखालचं पेडल एकदा दाबलं की पुढचा टोन हजर.

“नुसता पाय,” तो म्हणाला. “डोकं लावायचंच नाही.”

“चांगलं केलंयस.”

जयदीप वाद घालायच्या तयारीनं आला होता.

“किती आवाज आहेत?” गुरुजींनी विचारलं.

“सहाशे बारा.”

“आणि गाणी?”

“बावीस.”

कानस थांबली.

“प्रत्येक टोनला पर्यायी ठेवलेत ना, गुरुजी. एक नाही शोभला तर दुसरा. दुसरा नाही तर तिसरा. लॅपटॉप बंद पडला तर दुसरा लॅपटॉप आहे. तो बंद पडला तर मोबाइलवर सगळं आहे.”

“आणि मोबाइल बंद पडला तर?”

“तेच विचारायला आलोय... यात कुठं फट राहिलीय का, तेवढं तुम्ही बघून सांगा.”

“कार्यक्रम कधी?”

“रविवारी. सकाळी दहाला.”

“कुणाचा?”

जयदीपनं खाली बघितलं.

“मालनताईंचा.”

गुरुजींनी हातातला सूर फडक्यावर ठेवला.

मालन देवचक्के तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गायल्या होत्या. मग घशात गाठ आली. शस्त्रक्रिया झाली. दीड वर्ष त्या बोलायच्यासुद्धा जपून. अकरा महिन्यांपूर्वी त्या पहिल्यांदा पुन्हा स्टेजवर उभ्या राहिल्या, श्रीरामपूरला, आणि त्यांनी एक अंगाई घेतली. त्यांच्या आईची होती. छापील कुठंच नसलेली.

कीबोर्डवर जयदीप होता.

पहिली ओळ झाली. पुढं बासरीचा छोटा तुकडा. सॉफ्टवेअर तेव्हा नव्हतं, पण कीबोर्डचं साधं पेडल होतं; बासरीसाठी ते एकदाच दाबायचं होतं. घाईत जयदीपचा पाय दोनदा पडला. बासरी मागं राहिली आणि तिच्या पुढचा टोन आला, कोळीगीतासाठी त्यानं स्वतः बनवलेला ड्रमचा. त्या टोनमध्ये प्रत्येक पट्टीला वेगळं वाद्य असतं. त्याची बोटं बासरीचे सूर वाजवायला गेली आणि बाहेर पडली एक शिट्टी, दोन खुळखुळे, भांडं पडल्यासारखी झांज, पुन्हा शिट्टी आणि डाव्या हाताखाली एक ढोल.

सभागृह हसलं.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. हसू फुटलं, एवढंच. पण मालनताई थांबल्या. त्यांनी माइक स्टँडला लावला आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

त्यांनी जयदीपला एका शब्दानं काही विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही. घरी येऊन तो सॉफ्टवेअर लिहायला बसला.

आणि आता त्यांचा फोन आला होता. “रविवारी गाते आहे मी. कीबोर्डला तूच ये.”

“अंगाई आहे यादीत?” गुरुजींनी विचारलं.

“आहे. तेरावी.”

“तालमीत गायल्या?”

“नाही. दोन्ही तालमींत तिथवर आल्या आणि म्हणाल्या, हे तिथंच बघू.”

गुरुजींनी फडक्यावरचा सूर पुन्हा उचलला.

“तुम्ही याल का, गुरुजी?”

“रविवारी दहाला उपासना असते. मला वाजवायचं असतं.”

“तेवढा एक दिवस...”

“लोक गायला उभे राहतात रे. ऑर्गन नको?”

जयदीपनं पुढं ताणलं नाही.

“ऐकव,” गुरुजी म्हणाले.

“कुठला?”

“सगळे.”

“सहाशे बारा?”

“फट बघा म्हणालास ना?”

जयदीपनं सोबत आणलेला कीबोर्ड मांडला आणि दुपारी दोनला सुरुवात झाली. जयदीप आकडा वाचायचा, नाव वाचायचा, एक पट्टी दाबायचा, पुढं जायचा. “एकतीस, बासरी मध्यम.” “बत्तीस, बासरी लांबून.” “तेहतीस, बासरी नवीन.” “चौतीस, बासरी नवीन खरी.” त्याचे डोळे पडद्यावर होते. गुरुजींचे मिटलेले. मधे चहा झाला. तीनशेच्या पुढं जयदीपचा वेग वाढला, नावंही अर्धीच वाचून होऊ लागली. गुरुजींनी त्याला एकदाही थांबवलं नाही.

“सहाशे बारा,” साडेपाचला जयदीप म्हणाला. “झाले.”

गुरुजींनी डोळे उघडले.

“एक कमी आहे.”

“नाही गुरुजी, पूर्ण आहेत. हे बघा, सहाशे...”

“त्या दिवशी आला होता, तो कुठाय?”

जयदीपचा चेहरा उतरला.

“तो पुसून टाकला.”

“यातून?”

“सगळीकडून. लॅपटॉपमधून, कीबोर्डमधून. कोळीगीताला आता ढोलकीच घेतो आम्ही. तो टोन लागतच नाही, गुरुजी.”

“परत आण.”

“पण कशाला...”

“आण.”

जयदीपनं बॅगेच्या आतल्या कप्प्यातून एक पेनड्राइव्ह काढला. सगळीकडून पुसलेल्या त्या टोनची एक प्रत त्यावर होती. अकरा महिने तो ती सोबत घेऊन हिंडत होता. गुरुजींनी पेनड्राइव्हकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

टोन कीबोर्डमध्ये आला.

“आता अंगाई वाजव. यावर.”

“यावर सूरच नाहीत, गुरुजी. अंगाई कशी वाजेल?”

“मला काय माहीत? वाजव.”

जयदीपनं बोटं ठेवली. शिट्टी. खुळखुळा. खुळखुळा. झांज... त्यानं चटका बसल्यासारखे हात उचलले.

“पुन्हा.”

शिट्टी. खुळखुळा. झांज. त्याचे कान लाल झाले होते.

“पुन्हा.”

तिसऱ्या वेळी शिट्टी वाजली आणि गुरुजी हसले. मोठ्यानं, खांदे हलवून हसले.

“शिट्टी फार छान आहे रे तुझी.”

जयदीप त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्याही तोंडून हसू फुटलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला त्या आवाजाचं हसू आलं होतं. हसता हसता डोळे भरले, आणि मग ते काही केल्या थांबेनात.

गुरुजींनी फडकं पुढं केलं.

“पितळेचा भुगा आहे त्याला. डोळ्यांना नको लावूस, नाक पूस.”

जयदीपनं नाक पुसलं.

“आता सगळ्या पट्ट्या दाब. एकेक. तुकडा नको, गाणं नको.”

जयदीप उजवीकडून डावीकडे निघाला. घंटी. टाळी. काठीवर काठी. कुठलंतरी लाकूड. झांज. अगदी डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर मोठा ढोल होता. तो धाडकन वाजला आणि खिडकीची काच हलली.

“हळू.”

जयदीपनं हळू दाबली.

“याहून हळू.”

“याहून हळू वाजलं तर ऐकूच येणार नाही.”

“कुणाला?”

जयदीपनं पट्टीवर नुसता बोटाचा भार सोडला.

थप्...

पुन्हा.

थप्... थप्...

गुरुजींचा तळहात खुर्चीच्या हातावर पडू लागला होता, त्याच ठेक्यात. ते त्यांच्या लक्षातही नव्हतं बहुतेक. कुणाला तरी झोपवायला पाठीवर थोपटावं, तसा.

जयदीपनं ते बघितलं. त्याचं बोट थांबलं नाही.

बराच वेळ एक माणूस मोठा ढोल वाजवत होता आणि दुसरा खुर्चीला थोपटत होता...

“हा कुठं ठेवू?” शेवटी जयदीपनं विचारलं.

“कुठं होता?”

“बासरीच्या लगेच पुढं. एक पाऊल पुढं.”

“मग?”

जयदीपनं लॅपटॉप जवळ ओढला. त्याचं बोट थोडा वेळ तसंच अधांतरी राहिलं. मग त्यानं तो टोन बासरीच्या पुढं ठेवला, होता तिथंच.

रविवारी सभागृह भरलं होतं.

बारा गाणी झाली. सॉफ्टवेअरनं कुठं दगा दिला नाही. पाय पडला की टोन येत होता, जो हवा तोच, हवा तेव्हाच. मालनताईंचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. त्याला आता किंचित खरखर होती. पण त्या सांभाळून गात होत्या आणि लोक त्यांच्या बाजूनं होते.

तेरावी अंगाई.

या वेळी बासरीचा तुकडा सुरुवातीलाच होता. जयदीपनं तो वाजवला. मालनताईंनी श्वास घेतला.

आवाज आला नाही.

जयदीपनं तुकडा पुन्हा घेतला. त्यांनी मान हलवली, पुन्हा श्वास घेतला, ओठ उघडले... नाही. त्यांचा हात हळूहळू गळ्याकडे गेला. साथीदार एकमेकांकडे बघू लागले. मागं कुणीतरी खाकरलं.

बासरीचे नऊ पर्याय पडद्यावर ओळीनं तयार होते. जयदीपनं त्यांच्याकडे बघितलं. मग ताईंकडे बघितलं.

त्यानं पाय उचलला आणि पेडल एकदा दाबलं.

डावा हात शेवटच्या पट्टीवर नेला.

थप्...

मालनताई गर्रकन वळल्या. त्यांनी तो टोन ओळखला होता. जयदीपला वाटलं, संपलं, आता माइक स्टँडला लागणार. हात काढून घ्यावा असं त्याला फार वाटलं. त्यानं काढला नाही.

थप्... थप्... थप्...

ताईंचा गळ्यावरचा हात खाली आला. कुशीत कुणी असल्यासारखा वाकला. बोटं हलू लागली.

आणि त्या गायल्या.

बासरी नाही, व्हायोलिन नाही. त्यांचा आवाज आणि ते थोपटणं. वरच्या सुराला आवाज फाटला. त्यांनी तो दाबला नाही, तसाच पुढं नेला. गाणं संपल्यावरही पहिल्या रांगेतल्या एका बाईंचा हात त्यांच्याच गुडघ्यावर थप् थप् चालला होता. शेजारणीनं कोपर लावलं तेव्हा त्या भानावर आल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळंच सभागृह वाजवू लागलं.

मध्यंतरात मालनताई जयदीपच्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. हातात कोमट पाण्याचा पेला होता.

“त्या दिवशीचाच ना तो आवाज?”

“हो, ताई. श्रीरामपूरला माझा पाय दोनदा पडला होता. मी तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

“तुझा पाय?”

“हो.”

मालनताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

“अरे, माझा आवाज फाटला होता. ओळीच्या अगदी शेवटाला. मला वाटलं, लोक त्याला हसले.”

“तुम्हाला?”

“आणि तू ते झाकायला मुद्दाम काहीतरी धडामधूड वाजवलंस, असं समजत होते मी. म्हणून तर तुला फोन केला. म्हटलं, दुसरा कुणी नको, हा पोरगा सांभाळून घेतो.”

जयदीप कीबोर्डवरून पुढं वाकला.

“आवाज फाटला होता तुमचा?” तो म्हणाला.

“म्हणजे? तुला ऐकू आला नाही?”

“मला फक्त शिट्टी ऐकू आली, ताई.”

“कसली शिट्टी?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आधी मालनताई हसल्या. एवढ्या हसल्या की पेल्यातलं पाणी साडीवर सांडलं. घशाला जपायचं असतं, हेही त्या विसरल्या.

“अकरा महिने,” त्या म्हणाल्या. “अकरा महिने मी मागच्या खोलीत दार लावून तो एक सूर घासत बसले होते. आणि तू?”

“मी सहाशे बारा टोन जमवले.”

“कर्म माझं!” मालनताई म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

उरलेली नऊ गाणी कशी झाली ते जयदीपला नीट आठवत नाही. चांगली झाली असावीत.

दुपारी तीनच्या सुमाराला तो गुरुजींच्या खोलीत शिरला तेव्हा गुरुजी शाळेच्या पेटीला झाकण बसवत होते. उपासनेतला पांढरा सदरा अजून अंगावर होता.

“जेवलास?”

“दोनदा.”

“बस.”

जयदीपनं सगळं सांगितलं. तेरावं गाणं सांगितलं, पेला सांगितला, साडीवरचं पाणीही सांगितलं. कितीतरी दिवसांनी तो घाई न करता बोलत होता. खांदे सैल होते. गुरुजी मधेमधे मान हलवत होते आणि एकेक स्क्रू फिरवत होते.

“बऱ्या आहेत ना त्या?” त्यांनी एवढंच विचारलं.

“खूप. पुढच्या महिन्यात पुन्हा गायचं म्हणतात.”

“छान.”

जयदीपनं लॅपटॉप काढला.

“गुरुजी, मी एक ठरवलंय. सहाशे पुसून टाकणार. दहा-बारा पुरेत माणसाला. बाकीचे सगळे मी भीतीपोटी जमवले होते. आता कळलं मला ते.”

त्याचा आवाज मोकळा होता. त्यात थोडा ताठाही होता, नुकतंच शहाणं झालेल्या माणसाला असतो तेवढा. आपण काय बोलतोय ते गुरुजींनी नीट ऐकलं का, हे त्यानं तिरप्या नजरेनं बघून घेतलं.

गुरुजी स्क्रू फिरवत होते.

जयदीपनं पडद्यावर दहा-बारा सोडून बाकीची सगळी नावं एकदम निवडली. सहाशे ओळी निळ्या झाल्या. त्यानं बोट बटणावर नेलं.

गुरुजींनी त्याचं मनगट धरलं.

“नको पुसू?” जयदीपनं विचारलं.

“पूस की.”

“मग?”

गुरुजींनी मनगट सोडलं नाही...

“जमवताना एकही ऐकला नाहीस. पुसताना तरी ऐक.”